गेटमनची टिटवी

"खाली बस. उभी राहू नको, ती बिचकलालीय."

तनुजाच्या कानावर बापाचे पडलेले हे पहिले शब्द. ना 'आलीस का', ना 'पाणी पी'. खांद्याला बॅग, हातात छत्री आणि नांदेडहून उमरीपर्यंत उभ्यानं केलेला प्रवास घेऊन ती मुरुमावर तशीच उभी राहिली. तेवढ्यात टिटवी ओरडत अशी अंगावर आली की छत्रीला तिचा पंख लागतो की काय असं वाटलं.

"आन् ती छत्री मीट आधी."

"बाबा, ऊन किती हाय बघताव का?"

"मीट म्हणलं ना."

तिनं छत्री मिटली. बसली, तर मुरूम साडीतून चटकन लागला. ती उठली, बॅगेतून टॉवेल काढला, त्याची घडी घातली आणि त्यावर बसली. एवढं होईपर्यंत बाबांनी तिच्याकडं एकदाही पाहिलं नाही. प्लास्टिकच्या खुर्चीत ते पुढं झुकून बसले होते. डोक्याला ओला पंचा, मांडीवर कॅमेरा आणि नजर समोर, दहा-बारा पावलांवर चुन्यानं आखलेल्या गोलाकडं. त्या गोलात टिटवीनं चार अंडी घातली होती आणि त्या चार अंड्यांपायी तनुजा महिनाभर बेजार झाली होती.

उमरीच्या बाहेर, रुळाला लागून कुणीतरी प्लॉटिंग पाडलं होतं. नुसती एक कमान, कमानीवर नाव, आत मुरुमाचे कच्चे रस्ते आणि दगडाच्या खुणा. झाड म्हणाल तर एक नाही. सावली म्हणाल तर कमानीची आणि रस्ते दाबायला आणलेल्या रोलरची, तीही लांब. इथं एक म्हातारा माणूस मे महिन्यात दिवसभर खुर्ची टाकून बसतो, हे तनुजाला नांदेडच्या दवाखान्यात कुणाला सांगायचीसुद्धा लाज वाटायची.

नरसिंग, म्हणजे तिचे बाबा, रेल्वेत गेटमन होते. आता तिथं रुळाखालून रस्ता झाला आहे आणि फाटक गेलं आहे, पण त्यांची अख्खी नोकरी त्या फाटकावर गेली. गाडी आली की फाटक लावायचं, गेली की उघडायचं. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात करायला काही नसायचं, तेव्हा ते पाखरं पाहत बसायचे. रिटायर झाल्यावर शिवकुमारनं, तनुजाच्या थोरल्या भावानं, आपला जुना कॅमेरा पुण्याहून पाठवून दिला आणि बाबांना जणू दुसरी नोकरी लागली. फोटो काढायचे ते फक्त पिल्लांचे. "मोठ्या पाखराचा फोटू कुणीबी काढतंय," ते म्हणायचे. "पिल्लू चार दिस पिल्लू असतंय. त्या चार दिसांत गाठावं लागतंय." कोतवालाची पिल्लं, वेड्या राघूची पिल्लं, विजेच्या पेटीत जन्मलेली दयाळाची पिल्लं. फोटो चांगले असायचे, हे तनुजालाही मान्य होतं. घरट्याच्या जवळ जायचे नाहीत, फांदी वाकवायचे नाहीत, पाखरू घाबरलं तर कॅमेरा बंद करून घरी यायचे. सिंधु, तनुजाची आई, जिवंत होती तोवर ती म्हणायची, "माज्या लेकरांना कवा इतकं निरखून पाहिलं न्हाई ह्या माणसानं." म्हणायची रागानंच, पण डबा घेऊन तीच जायची.

डोळ्याचं दुखणं दिवाळीनंतर निघालं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आणि उजव्यात तर तो पिकून पार दगड झालेला. डॉक्टरीणबाईंनी तनुजाला बाजूला घेऊन सांगितलं, "सिस्टर, मोतीबिंदूचं काही नाही, तो काढता येतो. पण आतला दाब वाढतोय. त्यानं मागची नस जाते आणि गेलेली नस परत येत नाही. लांबवू नका." तनुजा स्वतः बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स. तिला हे दोनदा समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं ओळखीनं तारीख मिळवली. बाबांनी ती चुकवली. टिटवीनं अंडी घातली होती. तिनं परत हातापाया पडून दुसरी तारीख मिळवली. ती उद्या सकाळची. आज संध्याकाळपर्यंत भरती व्हायचं होतं. काल रात्री फोनवर बाबा म्हणाले होते, "हाव, हाव, तयार राहतो." आज घराला कुलूप. शेजारच्या सरजाबाईनं लुगड्याच्या पदरानं घाम पुसत नुसतं रुळाकडं बोट दाखवलं होतं.

"बाबा, दुपारची पॅसेंजर हाय. घरी जाऊन हात-पाय धुवा, कपडे बदला. मी पिशवी भरते."

"आज व्हतंय बघ," बाबा म्हणाले.

"काय व्हतंय?"

"फुटतेत अंडी. आवाज येऊन राहिला कालपसून. पिल्लं आतून बोलतेत. ऐक."

तनुजानं ऐकलं. टिटवीचा कलकलाट होताच, पण त्याच्या खाली खरंच बारीक चिवचिव येत होती. आली, थांबली, परत आली.

"मंग फुटू द्या की. ती काय तुमच्यासाठी थांबलीत? तुमी नसले तर फुटणार न्हाईत का?"

"फुटल्यावर टिटवीची पिल्लं घरट्यात बसत न्हाईत माय. अंग वाळलं की चालाय लागतेत. एक दिस. त्यो दिस चुकला की गेलं."

"आन् तुमचा डोळा? त्यो गेला की?"

"एक दिसानं काय व्हतंय."

"मागच्या टायमालाबी हेच म्हणलाव."

बाबांनी ओला पंचा कपाळावर पुढं ओढला. ते गप्प बसले की त्यांच्याशी भांडताही येत नसे. लहानपणापासून हेच. आई भांडायची, भांडी आपटायची आणि हा माणूस फाटकाकडं तोंड करून गाडीची वाट पाहत बसायचा.

रोलरच्या सावलीत बसलेला एक तरुण माणूस उठून आला. त्यानं हात जोडले. "ताई, तुमी लेक का मामांच्या? मी संगमेश. इथलं काम माज्याकडं हाय." त्यानं आवाज खाली आणला, पण बाबांना ऐकू जाईल इतपतच. "देगलूरहून भाड्यानं आणलाय हा रोलर. सगळे रस्ते दाबून झाले, हेवडी एक पट्टी राहिली. मामा म्हणले अंडी हायत, थांबलो. म्हणलं म्हातारं माणूस हाय, जीव हाय पाखराचा. पण आता मालक रोज फोनवर माजी आय-माय काढायलेत."

"आज घेऊन जाते मी यांना."

"न्या ताई. लई उपकार व्हतील."

"आज फुटतेत रे," बाबा समोर पाहतच म्हणाले.

"परवाबी आजच फुटत व्हती, मामा," संगमेश म्हणाला आणि परत जाऊन सावलीत बसला.

इतक्यात शिवकुमारचा फोन आला. तनुजानं तोंड फिरवून उचलला.

"पोचलीस का? निघाले का बाबा?"

"न्हाई. टिटवी बाळंत व्हायचीय."

तो हसला. पुण्यात जाऊन त्याचं हसणंही गार झालं होतं. "हे बघ तनू, जबरदस्ती करू नको. छंद आहे त्यांचा. रिटायर माणसाला काहीतरी लागतं. परवा ग्रुपवर टाकलेला फोटो पाहिलास का? काय सुंदर आलाय."

"दादा, तू ये मंग. इथं माज्या शेजारी मुरुमावर बस आन् मंग छंदाचं बोल."

"चिडतेस कशाला? मी आपलं म्हटलं."

तिनं फोन ठेवला. डोळ्यांत पाणी आलं होतं ते उन्हाचं की रागाचं, तिलाही कळलं नाही. या घरात पोचवायचं, आणायचं, तारीख मिळवायची ते तिनं आणि छंदाचं कौतुक करायचं ते भावानं.

"शिवा व्हता का?" बाबांनी विचारलं. "त्याला परवाचा फोटू लई आवडला. तूबी अंगठा पाठवलीस की. दावू का नीट? अंडी कशी फिरवलीत तिनं, बघ."

त्यांनी कॅमेरा पुढं केला. घ्यावा तर लागला. तनुजानं ओढणीसारखा पदर डोक्यावरून पुढं ओढून पडद्यावर सावली केली आणि फोटो पाहू लागली.

पहिल्यांदा दिसला मुरूम. मग परत मुरूम. मग मुरुमात चार-पाच खडे. तिनं मोठं करून पाहिलं. खडेच होते. करडे, टोकदार, एकावर चुना उडालेला. तिनं मागं मागं जायला सुरुवात केली. मुरूम. खडे. एका फोटोत तर बाबांच्याच चपलेचं टोक. बऱ्याच मागं गेल्यावर अंडी लागली. चार, टोकं आत करून ठेवलेली, डागाडागांची, स्वच्छ. त्याच्या पुढच्या दिवशीही होती. आणि त्यानंतर एका फोटोत खळगा रिकामा होता. फोटोच्या अगदी कडेला, अर्धं कापलं गेलेलं काहीतरी होतं. तिनं मोठं केलं. लांब काडीसारखा पाय, ओलसर पिसं आणि काळा मण्यासारखा डोळा.

बाबांनी पिल्लाचा फोटो काढला होता आणि त्यांना ते माहीत नव्हतं.

तनुजानं चुन्याच्या गोलाकडं पाहिलं. त्यात खडे होते. ते तिला बसल्या जागेवरून दिसत होते, खडे म्हणून. तिनं परवाच्या फोटोला अंगठा पाठवला होता तो वॉर्डातून, एका हातानं, फोटो न उघडता. शिवकुमारनं 'सुंदर' लिहिलं होतं. मामेभावानं दोन फुलं टाकली होती. दगडांना.

"कसा हाय?" बाबांनी विचारलं.

परत ती चिवचिव झाली आणि या वेळी तिनं आवाज कुठून येतो ते नीट ऐकलं. गोलातून येत नव्हता. तिनं मान वाकवली.

प्लास्टिकच्या खुर्चीखाली, बाबांच्या दोन टाचांच्या मागं जी वीतभर सावली पडली होती, तिच्यात तीन पिल्लं बसली होती. पिल्लांच्या आवाक्यात सावली तेवढीच होती.

"बाबा," ती म्हणाली, "अंडी न्हाईत तिथं."

"हायत की."

"दगड हायत ते."

"उन्हानं दिपले तुजे डोळे."

"माजे न्हाई दिपले." एवढा वेळ दाबून ठेवलेला संताप आता वर आला. "कवाच फुटलीत अंडी. पाच-सहा दिस झाले असतील. तुमी दगडं राखत बसलाव आन् दगडांचे फोटू काढून राहिलाव. तुमाला दिसतंच न्हाई. एवढं दिसना झालंय आन् मला फोनवर म्हणताव सगळं ठीक हाय. तारीख चुकवताव. कुणासाठी? खड्यांसाठी?"

बाबांनी मान वळवली. पहिल्यांदाच तिच्याकडं पाहिलं, म्हणजे ती होती त्या दिशेला पाहिलं. "तनू, रेल्वेनं माजे डोळे तपासलेत," ते सावकाश म्हणाले. "दर टायमाला पास. गाडी मुदखेडाकडून वळली की मला आधी दिसायची. सिग्नलच्या आधी."

"हाव. तवा दिसत व्हती."

तनुजाला वाटलं आता हे उठून निघून जातील, नाहीतर ओरडतील. ते हलू लागले तशी ती घाईनं म्हणाली, "पाय मागं घेऊ नका. खुर्चीखाली हायत."

"काय?"

"पिल्लं. तुमच्या टाचंपाशी बसलीत."

नरसिंग गेटमन जागच्या जागी थिजले. हात खुर्चीच्या हातांवर, बोटं पसरलेली. कपाळावरचा घामाचा थेंब नाकापर्यंत आला, तोही त्यांनी पुसला नाही.

"किती हायत?"

"तीन."

"चौथं?"

तिनं इकडं तिकडं पाहिलं. "चौथं दिसंना."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "कशी हायत?"

"कशी म्हंजे? पिल्लासारखी."

"नीट सांग की."

असं काही सांगायची तिला सवय नव्हती. वॉर्डात बाळ झालं की मुलगा की मुलगी, वजन किती, रडलं की नाही, एवढंच सांगायचं असतं. "पाठ मुरुमासारखीच हाय," ती म्हणाली. "वर काळे ठिपके. मानंला पांढरी पट्टी, तिच्याखाली काळी. पोट पांढरं. पाय लई लांब हायत, आंगापेक्षा. एक जण डोळे मिटून बसलंय. दुसरं चोचीनं तुमची टाच टोचलालंय."

"ते कळलालंय मला," बाबा हळूच म्हणाले. "मी मुंगी समजलो."

टिटवी समोर मुरुमावर उतरून, पाय ताणून, ओरडतच होती.

"मंग मी इतके दिस काय राखून राहिलो?" बाबांनी विचारलं.

येताना गाडीत तनुजानं बापाला सुनवायची किती वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही या प्रश्नाला लागू पडेना. "सावली," ती म्हणाली. तिला त्यात काही गोड बोलायचं नव्हतं. जे समोर दिसत होतं तेच तिनं सांगितलं. "त्यांना दुसरी सावली न्हाई हितं."

संगमेश परत आला. लांबूनच म्हणाला, "ताई, झालं का? लावू का रोलर?"

"दम धर," बाबा म्हणाले. "पिल्लं हायत."

संगमेशनं कमरेवर हात ठेवले. "मामा, आदी अंडी व्हती म्हणून थांबलो. आता पिल्लं हायत. उद्या त्यांची लग्नं लावताव का हितंच?"

तनुजाला नको असताना हसू आलं. बाबा हसले नाहीत. "रोलर आला की ती पळणार न्हाईत," त्यांनी संगमेशला समजावलं. "आय वरडली की जमिनीला दबून बसतेत. तसंच शिकवलंय त्यांना. तू वरून दाबून जाशील आन् तुला कळणार न्हाई. तिकडं रुळाच्या कडंला नाली हाय, वल हाय, बेशरमाची झुडपं वाढलीत. तितवर नेऊन सोडतो. मंग लाव तुजा रोलर."

"तुमी नेताव?" तनुजानं विचारलं. "दिसतंय का तुमाला?"

"तू लई जल्दी चालतीस. घाबरतील. मी चालतो, तू सांग."

त्यांनी कॅमेरा तिच्याच हातात राहू दिला आणि सावकाश उभे राहिले. खुर्ची संगमेशनं मागच्या मागं उचलली. सावली गेली तशी पिल्लं बावचळली आणि उन्हात इकडं तिकडं झाली. बाबांनी दोन्ही हात बाजूला पसरले, पंजे खाली केले आणि चालू लागले. चालणं म्हणजे काय, पाय उचलायचा, हवेत धरायचा, तनुजा 'ठेवा' म्हणाली की ठेवायचा.

"डावीकडं एक चाललंय. डावा हात जरा पुढं. हां. ठेवा."

"बाकीची?"

"सरळ चाललीत. ठेवा. थांबा, एक बसलं. आता उठलं. ठेवा."

टिटवी आणि तिचा नर आळीपाळीनं डोक्यावर झडप घालत होते. एकदा पंखाचा फटकारा बसून बाबांच्या डोक्यावरचा पंचा खाली पडला. तो त्यांनी उचलला नाही. टक्कल उन्हात तापत होतं. तनुजा छत्री उघडायला गेली आणि मग तिनं ती उघडली नाही. ती उलटं चालत होती, बापाकडं तोंड करून, एक डोळा त्यांच्या पायावर, एक पिल्लांवर, आणि तोंडानं 'ठेवा', 'थांबा', 'उजवीकडं' चाललेलंच. घसा कोरडा पडला. मागून रुळावरून दुपारची पॅसेंजर आली आणि नांदेडकडं निघून गेली. त्या आवाजानं पिल्लं दबून बसली, ती परत उठेपर्यंत दोघंही तसेच उभे. गाडी गेली, याचंही तिला भांडण काढता आलं नाही. तोंड दुसऱ्या कामात गुंतलेलं होतं.

पुढं त्या दिवशी संगमेशनंच मोटारसायकलवर आधी एकाला आणि मग दुसऱ्याला स्टँडवर नेऊन सोडलं, आणि अंधार पडता पडता ते दवाखान्यात पोचले. ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्याची नस गेलेली होती, ती गेलीच. डावा राहिला. डाव्यानं बाबांना पुढं वाचताही येऊ लागलं आणि फोटोही काढता येऊ लागले, पण टिटवीच्या त्या पिल्लांचा फोटो त्यांच्याकडं नाही. तनुजाच्या हातात कॅमेरा असूनही तिला तो काढायचं सुचलं नाही. भाऊ नंतर म्हणाला, एक तरी काढायचा.

पण हे सगळं नंतरचं. नालीपाशी आल्यावर दोन पिल्लं उतारावरून घरंगळल्यासारखी ओल्या गवतात गेली. तिसरं, सगळ्यात बारकं, काठावर आलं आणि टिटवी ओरडल्याबरोबर तिथंच जमिनीला चिकटलं. अगदी बाबांच्या पुढं. त्यांचा पाय वर उचललेला होता.

"ठेवू नका," तनुजा म्हणाली.

"हितंच हाय का?"

"पायाखालीच."

बाबा एका पायावर उभे राहिले. दोन्ही हात पसरलेले, तोंड उन्हाकडं, डोळे उघडे. तोल जाऊ लागला तशी ती पुढं झाली आणि त्यांचा पसरलेला हात तिनं आपल्या खांद्यावर घेतला. तिच्या खांद्यावर त्यांचं सगळं वजन आलं. म्हातारपणानं हलकं झालेलं, तरी बापाचं वजन. लांबवर संगमेशनं रोलर चालू केला नव्हता. तो खुर्ची हातात धरून पाहत उभा होता.

"गेलं का?" बाबांनी विचारलं.

"न्हाई अजून."

"येतंय ते. घाई करू नको."

"मी कुटं करायले घाई," ती म्हणाली, आणि पिल्लाकडं पाहत राहिली.